उजव्या डोळ्याचा बहार

मोर्शी मागं पडली की यष्टीच्या खिडक्या उघडायला लागतात. माघाची थंडी अंगावर असते, शेजारची बाई पदर कानावरून घट्ट ओढून घेते, तरी कुणी ना कुणी काच सरकवतंच. बाहेर संत्र्याला आंबिया बहार आलेला असतो. आंब्याच्या मोहोराबरोबर येतो म्हणून आंबिया. मेणाची असावीत तशी पांढरी, इवलीशी फुलं, आणि त्यांचा तो वास: आधी गोड, मग किंचित कडू, मग थेट डोक्यात चढणारा.

यंदाही आला. मी वरूडला लग्नाला निघाले होते. पुढच्या सीटवर एक कॉलेजातला मुलगा डोळ्यांवर चौकोनी डबा बांधून बसला होता. डब्यात मोबाईल घालून तो कुठल्याशा समुद्रात पोहत होता आणि माशांना चुकवत मान इकडून तिकडे वळवत होता. शेजारचे आजोबा त्याच्याकडं बघून हसत होते. मलाही हसू आलं. आज खिशातल्या यंत्रात मावणारी ही करामत. पण एका वर्षी हाच संत्र्याचा बहार लोकांना खराखुरा हाताशी आलेला दिसावा म्हणून मी आणि अकोल्याच्या उस्मानभाईंनी अख्खा हंगाम घालवला होता. दोन कॅमेरे, दोन संगणक, दोन प्रोजेक्टर, आणि आमची दोघांची हट्टी डोकी.

तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिकेवर संगणक शिकवायची. उस्मानभाईंचं अकोल्यात ताजनापेठेच्या मागं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. आमच्या गॅदरिंगचं शूटिंग करायला ते आले, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अंगानं आडवे, आवाजानं मऊ, आणि कॅमेऱ्याला डावा डोळा लावणारे. बाकी सगळे शूटिंगवाले उजवा डोळा लावतात. यांचं नाक कॅमेऱ्यावर चेपायचं, पोरं मागून हसायची. त्यांना त्याचं काही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी कॉम्प्युटरच्या हा. एक सांगा मले. दोन कॉम्प्युटरवर एकच पिक्चर एकाच टायमाले चालवता येते का? म्हंजे अगदी एकाच टायमाले. थोडंबी मागंपुढं नाई."

"येईल की. पण काहून?"

मग तिथंच, स्टेजच्या पायरीवर बसून, त्यांनी काहून ते सांगितलं. ते शाळेत असताना अकोल्याच्या टॉकीजमध्ये चष्मा लावून पाहायचा सिनेमा आला होता. दारावर कागदी चष्मे वाटत होते. मामानं नेलं. अंधार झाला आणि सगळी टॉकीज ओरडायला लागली. कुणी खाली वाकतंय, कुणी हवेतलं काहीतरी धरायला हात पुढं करतंय. मामा तर खुर्चीवरून उठलेच. आणि उस्मान नावाचं ते लेकरू शांत बसून होतं. त्याला पडद्यावर साधा सिनेमा दिसत होता, थोडा काळपट.

"माया चष्माच खराब निंगाला होता, मॅडम. मामाले म्हटलं बदलून आणा, तर थे म्हणे चूप बस, मजा येऊन राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे पोट्टे सांगत होते का अस्सा बाण आला, तस्सा बाण आला. मीबी सांगितलं. खोटंच." ते हसले. "तवापासून डोक्यात हाय. आपुन सोता बनवू, अन् चांगला चष्मा लावून पाहू."

त्या वर्षांत वऱ्हाडाबद्दल बाहेरच्या माणसांना एकच गोष्ट ठाऊक होती. दिल्लीमुंबईच्या गाड्या यायच्या, विश्रामगृहात उतरायच्या, आणि सकाळी ज्या घरात कुणी जीव दिला असेल त्या घराचा पत्ता विचारत निघायच्या. भातकुली, नांदगाव खंडेश्वर, पार यवतमाळपर्यंत. त्यांना इथला कॅमेरावाला लागायचा. उस्मानभाईंनाही बोलावणी आली. ते दोनतीनदा गेले, मग जायचे बंद झाले. लग्नं लांबणीवर पडत होती, दुकानात काम नव्हतं, तरी नाही म्हणाले.

मी विचारलं तर म्हणाले, "एका घरी गेलो. बाईच्या डोळ्यात पाणी नव्हतं. सुकून गेलं होतं. तो टीव्हीवाला पोरगा माया कानात म्हणे, भैया थोडा रुको, रोएगी. आमी रुकलो. मॅडम, आमी खरंच रुकलो." त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावरची नसलेली धूळ पुसली. "आपल्या मुलखात पाहासारखं दुसरं काईच नाई का?"

माझ्या डोळ्यांपुढं एकदम मावशीची बाग आली.

सुमनमावशीची बाग वरूडच्या अलीकडं, सडकेला लागून. मावसाजी हृदयविकारानं गेले तेव्हापासून तीच बघायची. फळं उतरवणं, बाजारात बोली लावणं, ट्रक भरून देणं, सगळं. पायात मावसाजींचे जुने बूट आणि डोक्याला रुमाल. पण बोअरचं पाणी दरवर्षी खोल खोल जात होतं. शेजाऱ्यांनी आणखी खोल नेलं, मग हिनं नेलं, मग कुणालाच नाही. झाडं शेंड्याकडून वाळत आली होती. आजूबाजूच्या बागांवर करवत फिरली होती आणि त्यांची लाकडं वीटभट्ट्यांकडं गेली होती. मावशीनं ठरवलं होतं, हा बहार शेवटचा. फुलं येतील तेवढी येऊ द्यायची, उन्हाळ्यात बाग तोडायची.

उस्मानभाईंना घेऊन मी गेले तेव्हा ती झाडांचा ताण तोडत होती. संत्र्याला थंडीत मुद्दाम पाणी देत नाहीत, त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं पानं टाकतं, मरायला टेकल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी सोडलं की पंधरवड्यात फुलांनी भरून जातं. त्या वर्षी मावशी टँकरच्या पाण्यानं ताण तोडत होती. एकेका आळ्यात पाइप धरून.

आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाळत्या झाडाचे फोटो काढून काय करता बाप्पा? टीव्हीवर दाखवता? दाखवलं तेवढं पुरे नाई झालं का?"

"टीव्हीवर नाई, मावशी," उस्मानभाई म्हणाले. "इथंच दाखवतो. तुमच्या गावात. लोक हात लावाले जातीन असा दाखवतो."

मावशीनं पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. "अन् फुलंच नाई आली तं?"

"तं तुमाले कॅमेऱ्यात घेतो."

"मले कायले घेतं रे? मी का फूल हाव?" ती म्हणाली, पण हसली. आम्हाला होकार मिळाला.

फुलं आली. इतकी आली की मावशीलाही नवल वाटलं. झाडाला बहुधा कळतं, ती म्हणाली.

माणसाच्या दोन डोळ्यांना एकच वस्तू जराशी वेगवेगळी दिसते. एक बोट नाकासमोर धरून आधी हा डोळा मिटला आणि मग तो, तर बोट उडी मारतं. मेंदू ती दोन चित्रं एकत्र करतो आणि म्हणतो, हे जवळ, ते लांब. आम्हाला तेच यंत्रानं करायचं होतं. एक छोटा कॅमेरा उस्मानभाईंचा, दुसरा अगदी तस्साच, त्यांच्या ओळखीच्या एका शूटिंगवाल्याचा. त्याच्याही हाताला काम नव्हतं. दोन्ही एका फळीवर शेजारी शेजारी कसले. दोन्हींचं चित्रण पुढं नेमकं जुळावं म्हणून प्रत्येक वेळी कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवायची असते. टाळीचा आवाज दोन्हीत उमटतो, तो धागा धरून जुळवता येतं. ते काम मावशीनं घेतलं. ती फांद्यांमधून डोकं काढायची, आरतीला वाजवावी तशी खणखणीत टाळी द्यायची आणि मधमाश्या चुकवत बाजूला व्हायची. सकाळची उन्हं, दव, फांदीवर बसलेला बुलबुल, वाऱ्यानं गळणाऱ्या पाकळ्या. फळी हातात धरून उस्मानभाई झाडांच्या रांगांतून इतक्या हळू चालायचे की जणू डोक्यावर पाण्याची घागर आहे.

अवघड होतं ते पुढचं. अकोल्याला, दुकानामागच्या गोदामात, शटर ओढून आम्ही प्रयोग मांडला. एक संगणक डाव्या डोळ्याचं चित्र दाखवणार, दुसरा उजव्या डोळ्याचं. प्रत्येकाचा प्रोजेक्टर वेगळा आणि त्यापुढं खास काळपट काच. चित्रं एकावर एक, एकाच पडद्यावर. चष्म्याच्या काचा अशा की डाव्या डोळ्यात डावंच चित्र शिरावं आणि उजव्यात उजवंच. पांढऱ्या कापडावर ते जमेना. मग फाटकांना लावतात तो चांदीसारखा रंग प्लायवुडला फासला, तेव्हा जमलं. चष्म्यांच्या चौकटी शमीमभाभींनी कापल्या. उस्मानभाईंची बायको. दुकानात नमुन्याच्या लग्नपत्रिका पडून होत्या, जाड, सोनेरी वेलबुट्टीच्या. त्यांच्याच चौकटी. त्यामुळं आमच्या प्रेक्षकांच्या नाकावर ‘सप्रेम निमंत्रण’ किंवा ‘तशरीफ़ लाइए’ लिहिलेलं असायचं.

पण दोन संगणक एकत्र चालेनात. आधी आम्ही दोघं दोन कीबोर्डांवर बोट ठेवून बसायचो आणि शमीमभाभी "एक, दो, तीन" म्हणायच्या. कधी मी आधी, कधी ते. मग उस्मानभाईंनी एकाच माऊसच्या बटणाची तार दोन्ही संगणकांना जोडली. सुरुवात जुळली, पण थोड्याच वेळात एक यंत्र दुसऱ्याच्या पुढं निघून जाई. प्रत्येक संगणकाचं घड्याळ आपापल्या चालीनं चालतं, केसाएवढा फरक असतोच. साध्या सिनेमात तो कळतही नाही. इथं मात्र वाऱ्यानं हललेलं पान डाव्या डोळ्याला इथं आणि उजव्याला तिथं दिसायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, डोकं भणाणायचं. बुलबुल उडाला की दोन बुलबुल उडायचे.

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. दोन यंत्रं तारेनं जोडायची. डाव्यानं सतत सांगत राहायचं की मी इथं पोचलोय, आणि उजव्यानं त्याप्रमाणे जरा थांबायचं नाहीतर एखादं चित्र गाळून पुढं व्हायचं. सांगायला सोपं आहे. अमरावती-अकोला पॅसेंजरमध्ये मूर्तिजापूरचं तिखट भजं खात मी कितीदा त्याची उलटसुलट मांडणी केली असेल. त्यात भारनियमन. चित्रं जुळत आली की वीज जायची.

जुळलं की नाही हे उस्मानभाई ऐकून सांगायचे. त्यांनी दोन्ही संगणकांचा आवाज चालू ठेवला होता. एक स्पीकर या यंत्राचा, एक त्या यंत्राचा. मावशीची टाळी यायची आणि ते डोळे मिटून म्हणायचे, "पोकळ हाय. विहिरीत वाजवल्यासारखी येऊन राहिली. मागं हाय एक यंत्र." मी आकडा बदलायची. पुन्हा टाळी. "अजून." पुन्हा. आणि एका दुपारी ते एकदम ताठ बसले. "आता एकच हात वाजला."

मी चष्मा लावला. चांदीच्या रंगाचं प्लायवुड नव्हतंच. तिथं भोक पडलं होतं आणि त्यातून मावशीच्या बागेची एक फांदी गोदामात शिरली होती. फुलांचा घोस माझ्या गुडघ्यांवर टेकेल इतका पुढं. मी हात केला आणि तो फुलांमधून आरपार गेला. शमीमभाभी "या अल्लाह" म्हणत दोन पावलं मागं सरल्या, मग पुन्हा पुढं आल्या आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटल्या.

"पाहा ना, उस्मानभाई!"

ते पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा लावला. मग भाभींचा मागून घेतला. मग माझा. फांदी पडद्यावरून सरकत होती आणि ते तिच्याकडं असे बघत होते जसं आपण समोरच्या भिंतीकडं बघतो.

"चष्माच बरोबर नाई," ते म्हणाले.

आमच्या घरी माझ्या भावाचा डोळा तपासताना डॉक्टरांनी जे केलं होतं ते मी केलं. म्हटलं, उजवा डोळा झाका आणि ते कॅलेंडर वाचा. त्यांनी वाचलं, तारखेखालच्या बारीक अक्षरांसकट. म्हटलं, आता डावा झाका.

ते बघत राहिले. "धुकट हाय."

"किती धुकट?"

"कॅलेंडर हाय थे समजते. पांढरं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, खरोखर नवलानं, त्यांनी विचारलं, "उजव्यानं सगळ्यायलेच धुकट दिसते ना, मॅडम?"

दोन्ही स्पीकरांतून बुलबुल बोलत होता.

त्यांना लहानपणापासून उजव्या डोळ्यानं नीट दिसतच नव्हतं आणि ते कुणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. कॅमेऱ्याच्या धंद्यात एक डोळा मिटूनच काम. डावा लावायचा, उजवा मिटायचा, संपलं. टॉकीजमधला तो कागदी चष्मा चांगला होता. उस्मानभाई उठले, शटर वर केलं, बाहेर उन्हात पायरीवर जाऊन बसले. शमीमभाभी पाण्याचा गिलास घेऊन गेल्या. तो त्यांनी हातात धरून ठेवला.

नंतर किती तरी दिवस ते फोन घेईनात. मी अकोल्याला गेले तर भाभींनीच दार उघडलं. "ना ग़ुस्सा करते, ना कुछ कहते," त्या म्हणाल्या. "बस, एक आँख बंद करके घर देखते रहते हैं. फिर दूसरी." मी प्रोजेक्टरच्या तारा आवरायला लागले. कार्यक्रम राहू देऊ, मावशीला कळवू, असं मनाशी म्हणत होते. तोवर मागं कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं.

"काहून आवरून राहिल्या?" उस्मानभाई म्हणाले. "मावशीले शब्द देला हाय. बाग तुटाच्या आंधी दाखवाचं हाय." आणि थोड्या वेळानं, "मले नाई दिसत तं काय झालं. ऐकू तं येते."

मी आजही त्या वाक्यापाशी थांबते. आपण जे घडवतो ते आपल्यालाच अनुभवता येणार नाही, हे कळल्यावर हातातलं काम खाली ठेवणं किती सोपं असतं. न ठेवणारे थोडे. त्यांच्यात मोठेपणाचा आवही नसतो; ते फक्त तार कुठं सैल आहे ते बघत असतात.

वरूडच्या एका रिकाम्या पॅकिंग शेडमध्ये खेळ झाला. एरवी त्या दिवसांत तिथं पेट्यांवर खिळे ठोकल्याचे आवाज असायचे. त्या वर्षी माल कमी, शेड मोकळी. दिवसाच खेळ, म्हणून चहूकडं ताडपत्र्या बांधून अंधार केला. मांडववाल्याचं जनरेटर बाहेर धडधडत होतं. गावातले, शेजारच्या वाड्यांतले लोक आले. बागा तुटलेले होते, तुटायच्या बेतात असलेले होते. पुढं सतरंजीवर लेकरं. त्यांच्यात उस्मानभाईंची निलोफरही होती, दुधाचे दात पडायला लागलेली, दोन वेण्यांची. शमीमभाभी तिला घेऊन खास अकोल्याहून आल्या होत्या. मावशी पहिल्या रांगेत, नाकावर ‘सप्रेम निमंत्रण’.

टाळी वाजली. बाग शेडमध्ये शिरली.

मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे बाप्पा बाप्पा बाप्पा," आणि शेड फुटली. बायका एकमेकींना ढकलत होत्या. कुणी फांदी मोडू पाहत होतं. पाकळ्या गळायला लागल्या तशी लेकरं दोन्ही हात वर करून त्या झेलायला उठली. मी संगणकांशी बसले होते, आकड्यांवर डोळा ठेवून. डावा सांगत होता, उजवा ऐकत होता. सगळं जुळलेलं.

उस्मानभाई पडद्याच्या कडेला उभे होते, पडद्याकडं पाठ करून. त्यांना चित्रात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते माणसांकडं बघत होते. चष्मे लावलेल्या त्या सगळ्या चेहऱ्यांकडं. मी त्यांना हसताना पाहिलं, त्या गोदामातल्या दुपारनंतर पहिल्यांदा. आणि मग त्यांचं हसू जागीच थांबताना पाहिलं.

मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. सगळी लेकरं हात वर करून उभी होती. त्या गर्दीत निलोफर मांडी घालून बसली होती. हात मांडीत. चष्मा नीट लावलेला, तोंड पडद्याकडं. शेजारची पोरगी तिला ओढून उठवत होती आणि तिला कळत नव्हतं की काहून उठायचं. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, सगळ्यांनी हात वर केलेत हे बघितलं, आणि तिनंही केले. हसलीही. सगळी हसत होती तशी.

उस्मानभाई लेकरांमधून वाट काढत गेले आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. खेळ संपेपर्यंत तिथून उठले नाहीत.

उजेड झाल्यावर मावशी माझ्याकडं आली. डोळे लाल होते. मला वाटलं आता ही रडेल, गळ्यात पडेल. ती म्हणाली, "बेस निंगाली. पन त्या धुऱ्याकडच्या, बांधाच्या झाडाखाली गवत-तन किती मातलं होतं माय! सांगाचं नाई का तवाच?" मग चष्म्याची घडी करून ब्लाउजमध्ये खोचली आणि लोकांना चहा द्यायला गेली. उन्हाळ्यात तिनं बाग तोडली. करवत चालू असताना ती बांधावर खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसली होती. आता तिथं तूर असते, आणि ती तुरीलाही तेवढ्याच शिव्या घालते.

वरूडहून परतल्यावर उस्मानभाईंनी मधला एक दिवसही जाऊ दिला नाही. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी निलोफरला तपासलं. तेच निघालं. एका डोळ्याचा नंबर फार मोठा; मेंदू त्या डोळ्याचं धूसर चित्र घेणंच सोडून देतो आणि हळूहळू तो डोळा आळशी पडतो. लेकराला दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. "वेळेवर आणलं," डॉक्टर म्हणाले. "चष्मा लावायचा, आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकायचा. म्हणजे हा कामाला लागेल. अजून वय आहे."

"अन् मायं?" उस्मानभाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी बॅटरीनं पाहिलं. "तुमचं वय निघून गेलं हो."

"राहू द्या. हिचं नाई गेलं ना?"

पण पट्टी म्हणजे लेकरासाठी शिक्षाच. निलोफरला पट्टी लावली की जग धुक्यात जायचं. ती रडायची, पट्टी ओढून फेकायची, दाराआड लपायची. भाभींनी पट्टीवर रंगीत फुलं चिकटवली, गोळ्याबिस्किटं देऊन पाहिली. तिसऱ्याचौथ्या दिवशी ती जमिनीवर लोळली. "तुम लोगों को दिखता है, मुझे नहीं दिखता!"

उस्मानभाईंनी पाकिटातून दुसरी पट्टी काढली आणि आरशासमोर उभं राहून आपल्या डाव्या डोळ्यावर लावली. चांगल्या डोळ्यावर. "ले," ते म्हणाले, "अब्बू को भी नहीं दिखता."

त्या पावसाळ्यात मी जेव्हा जेव्हा त्यांच्याकडं गेले, तेव्हा दुपारी बापलेक ओट्यावर बसलेले असायचे. दोघांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी. पुढं परातीत तूरडाळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारीक कामं करू द्या. दोघं वाकून, नाक परातीला लावून, डाळीतले खडे शोधायचे. निलोफरला सापडू लागले. उस्मानभाईंना कधीच सापडले नाहीत, ते डाळच उचलून बाजूला ठेवायचे आणि ती ओरडायची, "अब्बू, ये कंकर नहीं है!" उठताना ते उंबरठ्याला अडखळायचे. दुकानात गिऱ्हाईक यायचं, पट्टी बघून थबकायचं, "भाई, लागलं का काई?" विचारायचं. ते म्हणायचे, "नाई. शाळेत चाललो सध्या." पट्टीची वेळ भरल्याशिवाय त्यांनी ती कधी काढली नाही. तेवढा वेळ ते कॅमेऱ्याला हातही लावू शकत नव्हते.

त्या घरावरून तेव्हा किती माणसं गेली असतील. बाहेरून आलेल्या गाड्याही गेल्या असतील, कुठल्यातरी पत्त्याच्या शोधात. ओट्यावर एक बाप आपला दिसता डोळा बांधून लेकीबरोबर डाळ निवडतोय, हे त्या काळातल्या कुठल्याच चित्रणात नाही.

दिवाळीनंतर, हवेत पहिला गारवा आला तेव्हा, उस्मानभाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम घेऊन या. यंत्रं मांडली हाय."

गोदामात सगळं तसंच होतं. चांदीचं प्लायवुड, दोन संगणक, मध्ये तार. निलोफर स्टुलावर बसली होती. पट्टी नव्हती, नंबराचा चष्मा होता, त्यावर आमचा कागदी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. काय दिसायला हवं, हात करायचा की नाही, काही नाही. उस्मानभाईंनी शटर ओढलं आणि पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, पाठ चित्राकडं, तोंड लेकीकडं. मी यंत्रं सुरू केली. आवाज जुळला होता. त्यांनी तो ऐकला की नाही, कोण जाणे.

झाडांच्या रांगा सरकू लागल्या. निलोफर बघत होती. उन्हं आली, दव आलं. काही नाही. बुलबुल आला, उडाला. तिनं मान किंचित मागं घेतली, एवढीच. मला ते खरं वाटेना, भास वाटला. मग फांदी पुढं यायला लागली. घोस मोठा होत होत तिच्या तोंडासमोर आला.

तिचा हात मांडीवरून उठला. अगदी सावकाश, चोरून काही घ्यावं तसा. बोटं उघडली, हवेत फुलाभोवती मिटली. तिनं मूठ आपल्याकडं ओढली, उघडली, आत पाहिलं.

"अब्बू," ती म्हणाली, "फूल किधर गया?"

शमीमभाभींनी माझा दंड घट्ट धरला. उस्मानभाई तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला, फुलं त्यांच्या सदऱ्यावर उमटली.

"कहाँ तक आया था, बेटा?" त्यांनी विचारलं. "मुझे दिखा."

निलोफरनं बोट पुढं केलं आणि आपल्या नाकासमोरच्या मोकळ्या हवेत टेकवलं. "यहाँ."

त्यांनी आपला हात उचलला, तिनं दाखवलेल्या त्या जागेवर नेला, आणि बराच वेळ तिथंच धरून ठेवला.